नकारांक

रिसालदार हणमंतराव भोईटे घोड्यांच्या बाबतीत कुणाचं ऐकत नसत, आणि माणसांच्या बाबतीत त्यांना कुणी विचारत नसे. लष्कराच्या घोडदळातून निवृत्त झाल्यावर त्यांनी फलटणजवळ, बाणगंगेच्या काठी घोडेस्वारीची शाळा काढली. गाव तिला 'रिसाला' म्हणायचं. आठ-दहा घोडी, वाळूचं एक मैदान, रंगवलेल्या दांड्यांचे अडथळे आणि या सगळ्यावर पसरलेला हणमंतरावांचा आवाज, एवढाच त्या शाळेचा पसारा. शिकायला येणाऱ्या पोरांना घोड्याच्या लाथेपेक्षा त्या आवाजाची धास्ती जास्त असे.

रिसाल्याचा कायदा एकच होता. अडथळ्यासमोर स्वाराने लगाम ओढायचा नाही. उडी घ्यायची की नाही हे घोडा ठरवेल, कारण पाय त्याचे आहेत आणि धोकाही त्यालाच आधी कळतो. घोडा थांबला तर त्याच्या मानेवर थाप द्यायची, त्याला गुळाचा खडा द्यायचा. स्वाराने थांबवला तर मात्र स्वाराने खाली उतरायचं, खोगीर स्वतःच्या डोक्यावर घ्यायचं आणि सगळ्यांदेखत मैदानाला फेरी मारायची. "घोड्यानं भ्यावं, त्यो त्याचा हक्क हाय," हणमंतराव सांगायचे. "तुमाला भ्यायचा पगार न्हाई." ऐकायला हे वेडगळ वाटेल, पण एवढ्या वर्षांत रिसाल्यात कुणाचं मोठं हाड मोडलं नव्हतं. निम्मं काम स्वाराचं, निम्मं घोड्याचं, अशी ती वाटणी होती आणि ती चालत होती.

त्यांच्या मुलीने, ईश्वरीने, ते खोगीर डोक्यावरून एकदाच वाहिलं होतं, आठ वर्षांची असताना. भर उन्हात मान वाकडी करून ती चालत राहिली आणि रडली नाही. त्यानंतर तिच्या हाताने लगाम कधी ओढला नाही. हणमंतराव हे पाहुण्यारावळ्यांना कौतुकाने सांगत. ईश्वरीची आई ते ऐकताना चहाच्या निमित्ताने आत जायची. पुढे धाकट्या मुलाच्या शिक्षणाचं निमित्त करून ती पुण्यालाच राहायला गेली.

ईश्वरीची घोडी शेवंता. तांबूस रंगाची, अंगाने बेताची, पण उडीला मोठी. कोल्हापूरच्या एका स्पर्धेत ती भिंतीच्या अडथळ्यासमोर अशी अचानक थांबली की ईश्वरी तिच्या कानांवरून पुढे जाऊन पडली. लोक हसले. मग कुणीतरी पलीकडे जाऊन पाहिलं, तर आयोजकांनी मातीने बुजवलेला जुना खड्डा खचून हातभर खोल झालेला. शेवंताने उडी घेतली असती तर दोघींपैकी एक तरी उठली नसती. त्या दिवशी ईश्वरी हरली आणि हणमंतरावांनी गावभर पेढे वाटले.

अशा घोडीचं एक तरी शिंगरू असावं, हे बापलेकींच्या मनात कधीपासून होतं. शेवंताचं वय होत आलं होतं. आता नर निवडायचा, एवढंच बाकी होतं, आणि तिथेच सगळं घोडं अडलं.

हणमंतरावांची नर निवडायची रीत जुनी होती. घोडा जिथे असेल तिथे जायचं, त्याच्या कुंपणापाशी स्टूल टाकून अख्खा दिवस बसायचं आणि काही न करता नुसतं बघायचं. तो पाणी कसा पितो, अनोळखी कुत्रं आलं तर काय करतो, पाय कुठे आणि किती विचार करून टाकतो. अशा रीतीने त्यांनी बारामतीकडचा एक म्हातारा नर हेरून ठेवला होता. नाव फकीर. त्याच्या कुंपणात वाऱ्याने प्लास्टिकचा एक कागद उडून आला, तर फकीर दुरून तो हुंगत राहिला आणि खात्री पटल्यावरच त्याच्यावरून गेला. हणमंतरावांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की शेवंताला नवरा हाच.

पण तोपर्यंत जग पुढे गेलं होतं. घोड्यांच्या पैदाशीत 'वंशपट' नावाची प्रणाली आली होती आणि अश्वनोंद मंडळाने ती सक्तीची केली होती. मंडळाच्या डॉक्टर मुग्धा सबनीस स्वतः रिसाल्यात आल्या, शेवंताच्या रक्ताचा थेंब घेतला आणि पडवीत बसून बापलेकींना सगळं नीट समजावून सांगितलं. बाई हुशार होत्या आणि मनाने चांगल्या होत्या. त्यामुळे त्यांच्याशी भांडायची सोयच नव्हती.

त्यांनी सांगितलं ते असं. अडथळ्यापासून दोन-तीन ढांगांवर असताना घोड्याच्या मेंदूत एक झटपट हिशेब होतो. मेंदूच्या तळाशी बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग असतो. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं, पायांना जाणवलेलं, सगळं तिथे येऊन पोचतं. त्याला शंका आली की तो पायांना रोवून उभं राहायला सांगतो. प्रत्येक घोड्यात हा ब्रेक कमी-जास्त कडक असतो आणि तो बराचसा आईबापांकडून येतो. तो कुठल्या एका जनुकात नसतो. शेकडो ठिकाणी चिमूट चिमूट विखुरलेला असतो, म्हणून इतकी वर्षं कुणाला सापडला नव्हता. आता लाखो घोड्यांच्या स्पर्धांची चित्रणं आणि त्यांचं रक्त यांचा मेळ संगणकाने घातला होता. त्यातून एक आकडा निघत होता. तो आकडा म्हणजे नकारांक, म्हणजे हा घोडा किती सहज 'नाही' म्हणेल त्याचं माप.

नराचं बीज आणि मादीची बीजं प्रयोगशाळेत एकत्र आणायची, जे गर्भ तयार होतील त्यांच्यातल्या चार पेशी तपासायच्या आणि सगळ्यात कमी नकारांकाचा गर्भ घोडीच्या पोटात ठेवायचा. मंडळाचा नियम होता की दहाच्या वर नकारांक असलेल्या शिंगराला उडीच्या स्पर्धांसाठी नोंदच मिळणार नाही. यात दुष्टपणा काही नव्हता. घोडा ऐनवेळी थांबला की स्वार पुढे फेकला जातो, आणि मंडळाच्या दप्तरी अशा मोडलेल्या मानांची संख्या मोठी होती. नियम आल्यापासून ती निम्म्यावर आली होती, आणि डॉक्टर सबनीसांना त्याचा रास्त अभिमान होता.

फकीर आणि शेवंता यांची जोडी त्यांनी संगणकाच्या पडद्यावर लावून पाहिली. उत्तम गर्भ निघाला तरी नकारांक चाळीसच्या पुढे. मग प्रणालीने स्वतःहून एक नर सुचवला. आल्टोना, जर्मनीचा, अजिंक्य. शेवंताशी जोडी लावल्यावर नकारांक तीन. हणमंतरावांनी विचारलं की हा घोडा बघायला कुठं जावं लागेल. डॉक्टर जरा अवघडल्या. आल्टोनाला मरून चार वर्षं झाली होती. त्याचं बीज तेवढं गोठवून ठेवलेलं होतं.

"म्हंजे मेलेला घोडा," हणमंतराव म्हणाले. "आन् त्यो कधी थांबलाच न्हाई."

"कधीच नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्यांना ती स्तुती वाटली.

ईश्वरी सव्वीस वर्षांची होती. आज गर्भ राहिला तर घोडा मोठ्या स्पर्धेला तयार होईपर्यंत ती पस्तिशीला टेकणार होती. देशाच्या संघात जायची ती शेवटचीच संधी. फकीरचं शिंगरू घेतलं असतं तर त्याला नुसतं मैदानात फिरवत बसावं लागलं असतं. हणमंतरावांनी खूप नाक मुरडलं, घोड्याला शंका येऊ नये म्हणजे काय, वगैरे बरंच बोलले. ईश्वरीने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी एवढंच म्हणाली, "आबा, अडथळ्यापर्यंत येऊन मागे फिरायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत." हणमंतरावांनी होकार दिला. आपल्याच शिकवणुकीने आपल्याला गप्प केलं याचं त्यांना थोडं कौतुकही वाटलं.

शिंगरू झालं ते देखणं. काळसर तांबूस, लांब पायांचं, उभं राहायला एक क्षणही न डगमगणारं. ईश्वरीने त्याचं नाव रुबाब ठेवलं.

तबेल्यामागे गोबरगॅसचा जुना खड्डा होता, वर गंजका पत्रा टाकलेला. शेवंता त्या वाटेने कधी जात नसे. शिंगरू चार महिन्यांचं असताना सरळ त्या पत्र्यावर चालत गेलं. पत्रा वाजला, वाकला आणि शिंगरासकट खाली बसला. शेवंता काठावर उभी राहून खिंकाळत राहिली. सगळ्यांनी धावपळ करून त्याला दोराने वर काढलं, सुदैवाने नुसतं खरचटलं होतं. हणमंतरावांनी त्याच्या मानेवरून हात फिरवला आणि त्याला मोकळं सोडलं. शिंगराने अंग झाडलं आणि ते पुन्हा त्याच खड्ड्याकडे निघालं. जगातलं कुठलंही जनावर एकदा पडलेल्या जागी असं जात नाही, हे हणमंतरावांना ठाऊक होतं. त्यांनी त्याला स्वतःच्या अंगाने अडवलं.

रुबाब वाढला तसा त्याचा गवगवाही वाढला. तीन वर्षांचा झाल्यावर मंडळाच्या रिवाजाप्रमाणे त्याचं बीज काढून गोठवून ठेवलं आणि मग त्याला खच्ची केलं, म्हणजे स्पर्धेत मन लागावं. पाचव्या वर्षी तो पुरुषभर उंचीवरून पलीकडे जात होता. लोक बघायला यायचे. हणमंतराव मात्र त्याला खरारा करताना गप्प असत. त्यांच्या हाताखाली आजवर शेकडो घोडे गेले होते, आणि प्रत्येकाची कधी ना कधी मनधरणी करावी लागली होती. याची कधीच करावी लागली नाही, आणि त्यांना त्याचंच भय वाटे.

एकदा नाल ठोकताना खिळा आत जिवंत मांसात गेला. दुसरा घोडा तीन पायांवर नाचला असता. रुबाब आठवडाभर त्याच खुरावर उड्या घेत राहिला. खुरातून पू आला तेव्हा कळलं. डॉक्टर सबनीस आल्या, खूर कापून साफ केला. मग म्हणाल्या की त्यांना काही दिवसांपासून अशी शंका होतीच. दुखण्याची वार्ता मेंदूत त्याच बदामापाशी येते. ब्रेक काढला तो भीतीपुरता निघेल असं सगळ्यांनी धरलं होतं. पण तो ब्रेक एकच होता.

"म्हंजे त्याला दुखत न्हाई?" हणमंतरावांनी विचारलं.

"दुखतं. पण दुखतंय म्हणून थांबावं, हे त्याला आतून कुणी सांगत नाही." डॉक्टरांनी मान खाली घातली. "आता ते सांगायचं काम स्वाराचं."

हणमंतराव घरात गेले आणि पलंगावर बसून राहिले. स्वाराचं काम म्हणजे ईश्वरीचं काम. रिसाल्याची सगळी वाटणी त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. घोड्याचा निम्मा वाटा प्रयोगशाळेने काढून टाकला होता. स्वाराचा निम्मा वाटा त्यांनी स्वतःच्या हातांनी काढून टाकला होता, त्यालाही आता पंचवीस वर्षं होत आली होती. मैदानात धावणाऱ्या त्या जोडीत थांबवणारं आता कुणीच उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून हा माणूस आपल्याच मुलीला उलटं शिकवायला लागला. ती अडथळ्याकडे दौडत आली की ते मैदानाच्या मधोमध उभे राहून ओरडायचे, "वढ!" ईश्वरीला सगळं समजत होतं. डॉक्टरांचं म्हणणं तिने ऐकलं होतं, तिला पटलं होतं. ती मनाशी ठरवून निघायची की या खेपेला लगाम ओढायचा. तीन ढांगा उरत, दोन उरत, हणमंतराव घसा फोडून ओरडत, आणि तिचे हात पुढे जात, घोड्याला मान मोकळी करून देत. रुबाब पलीकडे. पुन्हा तेच. महिनाभर तेच. एकदा ती खाली उतरली आणि स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाली की आबा, हे माझं ऐकतच नाहीत. ती हसत होती, पण हणमंतरावांना ते हसू बघवेना. त्यांनी तिचे हात हातात घेतले, चोळले, जसे थंडीत लहानपणी चोळायचे तसे. त्याने काय होणार होतं? शेवटी त्यांनी हात टेकले.

संघाच्या निवडीची शेवटची फेरी पुण्यात होती. रुबाब सात वर्षांचा, ईश्वरी चौतीस वर्षांची. तिच्याआधी दोघांनी एकेक दांडी पाडली होती. रुबाब मैदानात आला तेव्हा लोक आपोआप शांत झाले. पहिले सात अडथळे त्याने असे घेतले की हणमंतरावांनाही क्षणभर सगळं विसरायला झालं. त्यांच्या शेवंताचं पोर होतं ते, शेवटी.

आठव्यानंतर टापांचा ठेका चुकला. बाकी कुणाला कळलं नाही. हणमंतरावांना कळलं, कारण त्यांचं आयुष्य तो ठेका ऐकण्यात गेलं होतं. पुढच्या डाव्या पायाची नस गेली होती. कुठलाही घोडा इथे थांबला असता. रुबाबने कान पुढे केले आणि नववा अडथळा घेतला.

ते कठड्याला रेलून ओरडले, "वढ, ईशे, वढ!" मैदानाबाहेरून स्वाराला सांगितलं तर तो बाद होतो, हा नियम त्यांना माहीत होता. बाद व्हावी म्हणूनच ते ओरडत होते. पण तेवढ्यात लोकांनीही आरडाओरडा सुरू केला होता, आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा हणमंतरावांचा आवाज कुणाला ऐकू गेला नाही. ते कठड्यावर चढायला लागले. घसरून गुडघा फुटला, तरी चढता येईना. दहावा झाला. अकरावा झाला. त्यांना ईश्वरीचा चेहरा दिसला, आणि तिलाही ठाऊक होतं हे त्यांना दिसलं. तिचे ओठ हलत होते. ती कदाचित स्वतःच्या हातांना विनवत होती. शेवटच्या, बाराव्या अडथळ्यासमोर हणमंतरावांनी डोळे मिटून घेतले.

एकही दांडी पडली नाही. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. रेषेपलीकडे रुबाब तीन पायांवर थांबला, तोही पुढे अडथळा नव्हता म्हणून. चौथा पाय नुसता लोंबत होता आणि तो कान टवकारून इकडेतिकडे बघत होता. हणमंतराव पोचले तेव्हा त्याने त्यांच्या खिशाशी नाक लावलं. लोकांना दिसू नये म्हणून हिरवं कापड आडवं धरून मैदानावरच्या डॉक्टरांनी त्याला कायमचं झोपवणारी सुई दिली. ईश्वरी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. रडताना ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मला कळलं होतं, आबा, मला कळलं होतं."

ईश्वरी संघात निवडली गेली. तिच्याकडे घोडा नव्हता.

पुढच्या महिन्यात डॉक्टर सबनीस रिसाल्यात आल्या. या वेळी त्यांनी पडदा उघडला नाही, नुसत्या पडवीत बसल्या. निकामी पायावर चार अडथळे, एकही दोष नाही, ही फेरी जगभर बघितली गेली होती. वंशपटाने ती नोंद आपल्या हिशेबात घेतली आणि रुबाबला सगळ्या नरांच्या वर नेऊन बसवलं. आता देशातल्या जवळपास प्रत्येक घोडीला प्रणाली त्याचंच नाव सुचवत होती. बीज गोठवलेलं होतंच. मालकीण ईश्वरी, तेव्हा तिची संमती लागणार होती. बदल्यात पहिल्या पिढीतलं हवं ते शिंगरू तिचं, आणि तोवर या मोसमासाठी एक तयार घोडा उसना. डॉक्टरांनी मंडळात विरोध करून पाहिला होता. आकड्यांपुढे त्यांचं कुणी ऐकलं नव्हतं. "माझ्या हातात काही नाही राहिलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही नाही म्हणालात, तरच थांबेल." एवढं सांगून त्या निघून गेल्या.

बापलेक समोरासमोर बसून राहिले. ईश्वरीच्या पुढ्यात पडद्यावर संमतीचा अर्ज उघडा होता. बाहेर शेवंता चंदी खात होती, तिचा दाढांचा आवाज येत होता.

"आबा," ईश्वरी म्हणाली, "तुम्ही नको म्हणा. मला म्हणता येत नाही. तुम्ही म्हणालात तर मी देणार नाही, शपथ. पुन्हा विषय काढणार नाही."

हणमंतरावांना म्हणायचं होतं. त्या शब्दासाठी ते मैदानाच्या कठड्यावर चढायला गेले होते, त्यासाठी गुडघा फोडून घेतला होता. त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांना समोर लेक दिसली. चौतीस वर्षांची, लग्न नाही, घरदार नाही, हातात आज ना घोडा ना दुसरं काही. मान वाकडी करून भर उन्हात चालणारी ती पोर त्यांनीच इथवर आणून ठेवली होती. आता मी नको म्हटलं तर हिच्यापाशी काय राहील? जन्मभर ज्या माणसाने दुसऱ्यांना मागे फिरू दिलं नाही, त्याला स्वतःला मागे फिरायची वाट माहीतच नव्हती.

"तुला योग्य वाटंल ते कर, बाळ," ते म्हणाले.

ईश्वरी त्यांच्याकडे बघत राहिली. ते आणखी काही बोलतील म्हणून तिने बराच वेळ वाट पाहिली. मग तिने पडद्यावर बोट टेकवलं आणि संमती दिली.